मधली तुळई

१६ फेब्रुवारी, रविवार

काकांचं घर बघायला आज एक जोडपं आलं. भूपेश आणि स्वप्नाली. तो पुरुषोत्तमनगरला कारखान्यात वजनकाट्यावर आहे, ती नवापूरची, वडील वारलेले. त्याचे वडील दोधू पाटील पलीकडच्या गावचे. घर मोठं, शेती मोठी, पण पोराने आपल्या मनाने बायको केली म्हणून दोघांना दाराबाहेर काढलं. दीड वर्ष शहाद्याला भाड्याच्या खोलीत काढलं म्हणाले.

आमच्या भिंतीला भिंत लागून हे घर. जुनं धाब्याचं, वर लाकूड आणि मातीचं सपाट छप्पर. काकांना मूलबाळ नव्हतं, ते गेल्यावर घर माझ्याकडे आलं. तीन वर्षं बंद आहे. पोपडे, घुशींची बिळं, न्हाणीला दार नाही. मला वाटलं नाक मुरडतील. पण पोरीने पुढच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाली, इथे खिडकी काढायची, खिडकीखाली माझं शिलाई मशीन. भूपेश माझ्याकडे बघून हसला. "दखा नाना, घर आजून लिधं नही, नि हाई मशीन मांडी बी चुकनी."

बैठकीच्या डोक्यावरची मधली तुळई वाळवीने खाल्लेली आहे. बारा वर्षांपूर्वी मी आणि काकांनीच ती पाहिली. बोट घातलं तर बोट आत जात होतं. तुळई बदलायची तर सगळं धाबं उतरवावं लागलं असतं. काका म्हणाले, माझं आयुष्य निघेल. मग खालून सागाच्या फळ्या ठोकून ती झाकली. दिवाळीत मी त्या फळ्यांना निळा रंग दिला. घर विकायचं म्हणजे नीटनेटकं दिसावं.

त्यांनी तुळईचं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. सप्ताहात महाराजांनी सांगितलं होतं की रोज निजण्याआधी एका वहीत आपलं आपण तपासावं, आज खोटं बोललो का. म्हणून ही वही. आज खोटं बोललो नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या भाग्येशची आई जेवायला वाढताना म्हणाली, "त्यास्ले सांगी टाका. लेकरं शेतस."

मी समजावलं. भाग्येशने सुरतेला फ्लॅट धरला आहे, ह्या घराच्या पैशावर तो उभा आहे. तुळई बारा वर्षं टिकली, पुढेही टिकेल. टिकवणारा वेगळा आहे. तिला पटलं नाही. उद्या पोरगी आली की मी सांगणार, म्हणाली. मग मी तिचा हात धरला आणि तिला भाग्येशची आण घातली. ती ताट तसंच ठेवून उठली.

आण घालायला नको होती. पण बायकांचं मन हळवं असतं, त्याला बांध लागतो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शहाद्याला जाऊन खरेदीखत झालं. बाहेर येऊन दोघांनी माझ्या पायाला हात लावला. स्वप्नालीने पेढ्याचा पुडा आणला होता. पहिला पेढा मी देवासाठी बाजूला काढला.

९ मार्च, रविवार

काम सुरू झालं. सलीम मिस्त्री आला. हा माणूस चाळीस वर्षं घरं बांधतो आहे, हात चांगला, जीभ मोकळी. त्याने आत जाऊन काठीने फळ्यांवर ठोकून पाहिलं, कान लावला, आणि बाहेर येऊन म्हणाला, "नाना, दोन फळ्या काढी दखूत. मधली तुळई माले पोकळ लागी ऱ्हायनी."

मी म्हटलं, फळी सागाची आहे, काकांनी हौसेने बसवली, एकदा उखडली की तशी परत बसत नाही.

"नाना, तुम्ही घर इकं का फळ्या इक्यात?" तो म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. स्वप्नालीने वर पाहिलं. निळा रंग तिला आवडला होता. राहू द्या, म्हणाली, किती छान दिसतं. सलीमने खांदे उडवले.

मी बोललो ते सगळं खरं होतं. साग खरा, काकांची हौसही खरी.

२ एप्रिल, बुधवार

पपईची तोड चालली आहे, वही उघडायला सवड नाही. पण आजचं लिहायला हवं.

दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. स्वप्नाली आली, हाताला चुना लागलेला. खालच्या पायरीवर बसली. म्हणाली, "नाना, माझे वडील असते तर त्यांना विचारलं असतं. तुम्हालाच विचारते. वरचं लाकूड धड आहे ना? सलीमचाचा रोज काहीतरी बोलतात, मला झोप लागत नाही."

आतून भांड्याचा आवाज थांबला.

मी म्हणालो, "पोरी, त्या छपराखाली माझ्या काकांनी ऐंशी वर्षं काढली. निजल्या जागी, रामाचं नाव घेत देह ठेवला. एक खडा त्यांच्या अंगावर पडला नाही."

तिचा चेहरा निवळला. काकांना उद्देशून तिने हात जोडले आणि गेली.

आज खोटं बोललो नाही. एक अक्षरही नाही. तरी जपाला बसलो तेव्हा मण्यांचा हिशेब तीनदा चुकला. उन्हाने असेल.

१७ एप्रिल, गुरुवार

फरशी बसली. ओटा झाला, न्हाणीला दार आलं, खिडकी निघाली. भूपेश पाळी संपवून येतो आणि कपडे बदलून मजुरासारखा राबतो. दोघं उपड्या घमेल्यावर ताट ठेवून जेवतात. ती त्याला नावाने हाक मारते, सगळ्यांदेखत. काल तिने त्याच्या नाकाला चुना लावला आणि तो तिच्यामागे अंगणभर धावला. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या.

माझ्या मनात चीड आली. घर म्हणजे खेळ नाही, हे त्यांना कुणी शिकवलंच नाही. नंतर माळ घेऊन बसलो, चीड गेली. देवाने मला अजून बरंच शिकवायचं ठेवलं आहे.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

काकांच्या नावाने अक्षय्य तृतीयेची घागर भरली. भाग्येश आला नाही, फ्लॅटचा ताबा पुढच्या महिन्यात आहे, तिकडे धावपळ. स्वप्नालीलाही सणाला माहेरी न्यायला कुणी आलं नाही, भावाला सुट्टी नाही म्हणे. भाग्येशच्या आईने आमच्या कडुलिंबाला झोका बांधला आणि तिला बोलावून बसवलं. पुरणपोळी वाढली, बांगड्या भरल्या. पोटच्या पोरीसारखं केलं.

झोका देता देता ती एकदम थांबली आणि म्हणाली, "पोरी, तुले एक सांगू का—" मी ओट्यावरून खाकरलो. मग तिने सांगितलं की झोक्याची दोरी जुनी आहे, जास्त उंच जाऊ नको.

१२ मे, सोमवार

आता फक्त धाबं राहिलं. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात, ओली करून चोपतात, म्हणजे गळत नाही. सलीमचं म्हणणं, आधी वरची जुनी माती सगळी उतरवू. दरसाल थरावर थर चढून ती हातभर झाली आहे, तिचाच भार मोठा. पण त्याला चार दिवस लागतात आणि भूपेशला सुट्टी दोनच दिवसांची. भूपेश मला विचारायला आला.

मी म्हटलं, काकांनी जन्मात कधी जुनी माती उतरवली नाही, वरूनच टाकायचे.

हेही खरं आहे. कुणालाही विचारावं.

दिवस कोणता धरायचा, तेही त्याने मलाच विचारलं. पंचांग पाहून मी तेवीस तारीख, शुक्रवार काढून दिला. अपरा एकादशी. एकादशीला माझं दिवसभर मौन असतं, हे सगळ्या गावाला माहीत आहे. स्वप्नाली म्हणाली, नाना, मग तुम्ही आम्हाला सूचना कशा देणार? मी म्हटलं, पुण्यदिवस आहे, सूचना लागणार नाहीत.

२३ मे, शुक्रवार. अपरा एकादशी

सकाळी सात. स्नान, पूजा झाली. मौन सुरू. ओट्यावर माळ, ही वही आणि पाटी घेऊन बसलो आहे. काही हवं असलं की पाटीवर लिहून भाग्येशच्या आईला दाखवतो. मातीची ट्रॉली आली. भूपेश, सलीम आणि दोन मजूर वर चढले. स्वप्नाली आत सगळ्यांचा स्वयंपाक करते आहे. धाब्याच्या दिवशी घरधनिणीने वर चढलेल्यांना गोड जेवू घालायचं असतं, हे तिला गल्लीतल्या बायकांनी सांगितलं. शिऱ्याचा वास इथवर येतो.

साडेनऊ. निम्मी माती टाकून झाली, पाणी मारणं चालू आहे. स्वप्नाली पिठाच्या हातांनी बाहेर आली. फळ्यांच्या फटीतून परातीत माती पडते म्हणाली. भूपेश वरून म्हणाला, पाणी मुरतंय, बसेल. सलीमने मात्र फावडं ठेवलं आणि खाली उतरून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "नाना, आज तुमनं मौन शे, माले मालूम शे. बोलू नका. निस्ती मान हालवा. टाकू का थांबू?"

पाटी मांडीशी होती. मी डोळे मिटले. होकार दिला नाही, नकारही दिला नाही. व्रतात दुसऱ्याच्या कामात मन घालू नये. तो बराच वेळ उभा होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मग वरून भूपेश म्हणाला, "नाना निवांत बठेल शेतस, म्हंजे भेवानं काही कारन नही. या वर, चाचा."

सव्वादहा. भाग्येशच्या आईने दारातून स्वप्नालीला हाक मारली, परात लई जा. ती म्हणाली, आहे आमच्याकडे. हिने पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा ती हात पुसत आली. आता हिने तिला आत बसवून ठेवलं आहे, कसलं कसलं बोलते आहे. भूपेश टेकू द्यायला बल्ली घेऊन बैठकीत शिरला. मघापासून वर करकर ऐकू येते.

भाग्येशची आई माझ्यापुढे आली. पाटी उचलून माझ्या मांडीवर ठेवली, पेन्सिल हातात दिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाटीवर रामनाम लिहिलं आणि तिला दाखवलं.

संध्याकाळ. आरती झाली. मौन सोडलं. भूपेश गेला.

२४ मे, शनिवार

काल पुढचं लिहिता आलं नाही. आवाज मोठा झाला नाही. धप्प झालं, आणि धुळीचा लोट खिडकीतून बाहेर आला. सलीम आणि मजूर कडेला होते, मातीबरोबर घसरले, खरचटलं. भूपेशला काढायला दीड तास लागला. सलीम हातांनी माती उपसत होता, नखं तुटली त्याची. बल्ली भूपेशच्या हातातच होती.

स्वप्नाली ओरडली नाही. मातीच्या ढिगाशी उभी राहून ती म्हणत होती, शिरा झाला आहे, शिरा झाला आहे.

दोधू पाटील टेम्पो घेऊन आले. अंत्यविधी आमच्या शिवारात होईल म्हणाले. पोरगी टेम्पोत चढायला लागली तर त्यांनी मागचा फळका लावून घेतला. "घर पाहिजे व्हतं ना तुले? जाय. ऱ्हाय तठे."

ती मागे धावत निघाली, चप्पलही नव्हती. मी तिला अडवलं. म्हटलं, पोरी, थोरांचं मन आज मोडू नये. माझं ऐकलं तिने. रस्त्यात बसली. भाग्येशच्या आईने तिला उठवून आमच्या घरी आणलं.

अपरा एकादशीला मरण येणं सगळ्यांच्या नशिबी नसतं. हे मी पोरीला सांगितलं, तिला आधार वाटावा म्हणून.

२७ मे, मंगळवार

जबाब झाला. हवालदाराने तीन प्रश्न विचारले. मिस्त्रीने जुनी माती उतरवली होती का? नाही. फळी काढून तुळई तपासली होती का? नाही. काम त्याच्या देखरेखीखाली चाललं होतं का? हो. मी सही केली. फळी न काढण्याचं कुणी सुचवलं, हे त्यांनी विचारलं नाही.

सलीमला निष्काळजीपणाबद्दल धरलं आहे. संध्याकाळी त्याची बायको चांदबी फाटकाशी आली. आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, "नाना, तुम्ही देवमाणूस. तुमना एक शब्दवर सुटी जाई तो. त्यानी तुमले इचारं व्हतं का नही, इतलंच सांगा."

मी म्हटलं, मला पुन्हा बोलावलं आणि तसं विचारलं, तर जे खरं तेच सांगेन. ती म्हणाली, तुमले कोन इचारनार. आणि गेली.

स्वप्नाली आतून ऐकत होती. नंतर तिने सलीमला शिव्या दिल्या. मी तिला थांबवलं नाही, तेवढं मन मोकळं झालं.

५ जून, गुरुवार

तेरावं झालं. तिकडे दोधू पाटलांकडे मोठी पंगत झाली म्हणे. इकडे पोरीने तुळशीपुढे एक दिवा लावला.

भाग्येशची आई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. ताट आणून ठेवते, पाणी ठेवते, उत्तर देत नाही. आधी मला राग आला. मग वाटलं, ह्या घटनेने तिचंही मन देवाकडे वळलं असेल, तिनेही मौन धरलं असेल. तसं असेल तर चांगलंच आहे.

स्वप्नाली म्हणाली, नाना, ती जागा तुम्हीच परत घ्या, मला ती डोळ्यांसमोर नको, किंमत तुम्ही सांगाल ती. किती विश्वास. फरशी शाबूत आहे. माती उचलून वर पत्रे टाकले तर पपईचे कॅरेट ठेवायला उत्तम. शब्द मात्र अजून दिला नाही. दुःखातल्या माणसाशी व्यवहाराची घाई करू नये.

भाग्येशच्या फ्लॅटची वास्तुशांत पंधरा तारखेला आहे.

८ जून, रविवार

आज स्वप्नालीला जायचं होतं. भाऊ शहाद्याच्या स्टँडवर थांबणार होता, तिथून नवापूर. एक पिशवी आणि मशीनचं डोकं, एवढंच सामान. मशीन कसं वाचलं कोण जाणे.

ती माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. मग भाग्येशच्या आईच्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. खाली बघूनच म्हणाली, "माय, त्या दिवशी मला परात न्यायला का बोलावलं? परात होती आमच्याकडे. मी तसं सांगितलंही. तरी तीनदा बोलावलं."

मी मध्ये बोललो, गाडी चुकेल. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

सोळा दिवसांनी भाग्येशच्या आईचा आवाज ऐकला. "तुले भायेर काढानं व्हतं."

पोरगी सरळ उभी राहिली. म्हणाली, "म्हणजे माहीत होतं." मग माझ्याकडे वळली. "नाना?"

आज माझं मौन नव्हतं. काकांनी त्या छपराखाली ऐंशी वर्षं काढली, हे मी सांगणार होतो. तोंड उघडलं, पण तिने हात वर केला, जसं लहान मुलाला गप्प करतात. मग हिला विचारलं, "आणि माय, तुम्हाला?"

"माले बी," ही म्हणाली. "माले भाग्येशनी आण व्हती."

मला वाटलं पोरगी किंचाळेल, दगड उचलेल. तिने तसं काही केलं नाही. हिला म्हणाली, तुमच्या एका पोरासाठी. एवढंच. मशीनचं डोकं उचललं आणि चालू लागली. पिशवी राहिली होती. भाग्येशच्या आईने ती उचलली आणि तिच्या मागून निघाली, पंधरा-वीस पावलं अंतर ठेवून. पोरीने वळून पाहिलं नाही, परत जा असंही म्हटलं नाही. ओट्यावरून मी दोघींना वळणापर्यंत पाहिलं.

भाग्येशच्या आईने पोराच्या डोक्यावरची आण मोडली. लगेच भाग्येशला फोन लावला. तो सुखरूप आहे. छताला पंखे लावून घेत होता. मागे त्याच्या बायकोचा हसण्याचा आवाज येत होता. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं, छप्पर नीट बघून घे. तो म्हणाला, नाना, सिमेंटचं आहे, तुम्ही उगाच काळजी करता. देव क्षमाशील आहे.

आता दिवेलागण होऊन गेली. ही अजून आली नाही. शहाद्याहून शेवटची गाडीही येऊन गेली. तिचा फोन इथे खुंटीलाच आहे. चूल गार आहे, भाकरीचं टोपलं रिकामं आहे, पीठ कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नाही. शेजारी मागायला जावं तर काय सांगायचं.

पाणी प्यायलो आणि हरिपाठ म्हटला. आज काही तिथी नाही, तरी एकादशीसारखाच उपवास घडला. देव पुण्य कोणत्या वाटेने पदरात टाकील, सांगता येत नाही.